उरलेल्या विजेचा हायड्रोजन

शहादे तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांचं शिबिर होतं. पाण्याचं विद्युत् अपघटन हा नेहमीचाच प्रयोग मी करून दाखवत होते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा खालचा अर्धा भाग, बुडातून वर आलेल्या पेन्सिलच्या दोन शिसकांड्या, पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि ९ व्होल्टची बॅटरी. (मीठ घालू नका. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो आणि वर्गाला खोकला लागतो.) ऋणाग्रावर बुडबुडे जास्त, धनाग्रावर कमी. परीक्षानळीत वायू गोळा केला, काडी लावली, ‘फट्’ असा आवाज झाला. टाळ्या पडल्या.

मग मागच्या बाकावरचे एक सर उठले. सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत ते शिकवत होते. म्हणाले, “मॅडम, पेपरात येतं की आता गाड्या, खतं, पोलाद, सगळं हायड्रोजनवर चालणार, आणि तो हायड्रोजन पाण्यातून विजेने काढणार. आमच्या शाळेत संध्याकाळी ट्यूब पेटायला कुरकुर करते. शेजारी असा कारखाना आला तर आमच्या ट्यूबचं काय होईल?”

त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र प्रश्न सोडेना. पाण्यातून हायड्रोजन काढण्याचा उद्योग काही आजचा नाही, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. तेव्हा ज्यांनी ज्यांनी तो केला, त्यांच्या शेजारच्या दिव्यांचं काय झालं, हे पाहिलं तर सरांना नीट उत्तर देता येईल असं वाटलं.

आधी थोडा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. १८०० साली व्होल्टाच्या विद्युत घटाची बातमी इंग्लंडमध्ये पोहोचली आणि काही आठवड्यांतच निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी त्या घटाने पाण्याचे दोन वायू वेगळे केले. १८३४ मध्ये फॅरेडेने याचे नियम मांडले. जितका विद्युतभार वाहील तितका वायू, ना कमी ना जास्त. आपल्या बाटलीतून ०.२ अँपिअर प्रवाह १० मिनिटं गेला तर साधारण १५ मिलिलिटर हायड्रोजन मिळतो. वर्गात मोजून पाहा. हाच हिशेब वाढवत नेला तर १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात. प्रत्यक्ष यंत्रात दोन अग्रांमध्ये १.९ व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. गुणाकार केला की ५० युनिट वीज होते. म्हणजे बेताच्या वापराच्या एका घराला महिनाभर पुरेल इतकी वीज एका किलोला! फॅरेडेचा नियम बदलता येत नाही, त्यामुळे प्रवाहात काटकसर नाही. जी काय बचत करायची ती त्या १.९ मध्ये. तीही १.४८ व्होल्टच्या खाली नेली तर यंत्राला बाहेरून उष्णता पुरवावी लागते.

इतकी वीज कोण खर्च करील? ज्याच्याकडे ती उरलेली आहे तो. इतिहासात पहिला असा माणूस भेटतो तो चक्क एक शिक्षक आहे.

डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह या खेड्यात प्रौढ शेतकरी मुलांसाठी एक लोकशाळा होती. तिथे पोल ला कूर १८७८ पासून विज्ञान आणि गणित शिकवत असे. शहरांत वीज येत होती, खेडी अंधारात होती, आणि डेन्मार्कमध्ये कोळसा नाही, धबधबे नाहीत. वारा मात्र भरपूर. १८९१ मध्ये सरकारी मदतीने ला कूरने शाळेजवळ पवनचक्की उभी करून तिला विजेचं जनित्र जोडलं. अडचण लगेच समोर आली. वारा रात्री सुटतो, सकाळी पडतो. विद्युत घटांची माळ तेव्हा फार महाग होती. मग त्याने वाऱ्याच्या विजेने पाण्याचं अपघटन केलं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन टाक्यांत साठवले आणि नळीने शाळेत आणून दिवे पेटवले. हायड्रोजनची टाकी १२ घनमीटरची होती, म्हणजे जेमतेम एक किलो वायू. १८९५ ते १९०२ अशी सात वर्षं आस्कोव्हची शाळा वाऱ्याने भरलेल्या हायड्रोजनवर उजळत होती. अधूनमधून वायूंची भेसळ होऊन स्फोट व्हायचा आणि खिडक्यांच्या काचा बदलाव्या लागायच्या. तो भाग आपण उचलायला नको.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ला कूरचं अपघटन यंत्र वाऱ्याच्या तालावर चालत असे. वारा असला की चालू, नसला की बंद. त्याची तक्रार करणारं कुणी नव्हतं, कारण त्या तारेवर दुसरं कुणी नव्हतंच. १९०२ मध्ये आस्कोव्ह गावाला वीज द्यायची ठरली तेव्हा हायड्रोजन मागे पडला आणि विद्युत घट आले. हिशेब साधा होता. वीज सरळ दिव्याला दिली तर ती थेट कामाला येते. तिचा आधी वायू करायचा आणि मग तो जाळायचा, यात बरीचशी वाटेत सांडते. ला कूरने पुढे खेड्यांसाठी वीजतंत्रींचे अभ्यासवर्गही चालवले. (एका शिक्षकाने आपल्या शाळेच्या दिव्यासाठी सुरू केलेलं काम देशाच्या पवनऊर्जेचा पाया ठरलं, हे आपण विद्यार्थ्यांना अवश्य सांगावं.)

पुढची गोष्ट नॉर्वेतली, ती थोडक्यात सांगते. र्‍यूकान नावाच्या अरुंद, दूरच्या दरीत १९११ मध्ये व्हेमोर्क इथं १०८ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. त्या काळी ते जगातलं सर्वांत मोठं होतं. एवढी वीज त्या डोंगरातून शहरापर्यंत नेण्याच्या तारा परवडत नव्हत्या. मग वीज जिथे आहे तिथेच कारखाना आणला. १९२९ पासून तिथे पाण्यापासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून खत होऊ लागलं. अपघटनात साधा हायड्रोजन आधी सुटतो आणि उरलेल्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण वाढत जातं. त्यामुळे १९३४ पासून तिथे जड पाणीही मिळू लागलं. दुसऱ्या महायुद्धात हा कारखाना गाजला तो त्यापायी. कालांतराने तारा लांबवर गेल्या, विजेला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली, खनिज तेल आणि वायूपासून हायड्रोजन स्वस्त पडू लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेमोर्कचं अपघटन थांबलं.

आपल्याकडे हायड्रोजन आला तो तुपाच्या डब्यातून. ‘डालडा’ आठवत असेल. तेलाच्या रेणूंना हायड्रोजन जोडला की तेल थिजतं, त्याचं वनस्पती तूप होतं. मुंबईत शिवडीला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा कारखाना निघाला. खानदेशात तर भुईमूग आणि सरकी घरचीच. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबारहून पुढे गेलं की अमळनेर लागतं. तिथे डिसेंबर १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. पुढे संगणक क्षेत्रात नाव मिळवलेली ‘विप्रो’ ती हीच. देशातल्या बहुतेक वनस्पती कारखान्यांत हायड्रोजन पाण्याच्या अपघटनाने काढत. पोलादी टाक्या, दाहक पोटॅशचं द्रावण, एकदिश प्रवाह, आणि वरून निघणारा ऑक्सिजन सिलिंडरांत भरून वेल्डिंगवाल्यांना विकायचा. पण तेलाला लागणारा हायड्रोजन थोडा असतो. कारखान्याच्या इतर यंत्रांत ही टाकी खपून जाई. शेजारच्या गावाला ती जाणवत नसे.

शेजाऱ्यांना जाणवलं ते नांगलला. भाक्रा धरणाच्या खाली, सतलजच्या काठी, १९६१ मध्ये नांगलचा खतकारखाना सुरू झाला. वर्षाला ८०,००० टन नायट्रोजनचं खत आणि त्यासाठी लागणारा हायड्रोजन पाण्याच्या अपघटनातून. १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा कारखानाही तिथेच निघाला. वीज किती लागत असेल? वरच्या वर्गांतल्या मुलांना हे गणित घालण्यासारखं आहे. अमोनियात १४ भाग नायट्रोजनला ३ भाग हायड्रोजन असतो. ८०,००० टन नायट्रोजनला १७,००० टनांहून अधिक हायड्रोजन लागेल. किलोला ५५ युनिट धरले (त्या काळची यंत्रं आजच्याइतकी चांगली नव्हती) तर अखंड शंभर मेगावॉटहून जास्त. भाक्र्याच्या डाव्या तीरावरच्या वीजघराची क्षमता तेव्हा ४५० मेगावॉट होती. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा एका कारखान्याला.

हा करार झाला तेव्हा तो शहाणपणाचाच होता. धरण मोठं, पंजाबात विजेला गिऱ्हाईक कमी, खताची देशाला निकड. वीज उरलेली होती. पण धरणाच्या पाण्याने आणि खताने जी शेती बहरली तिलाच पुढे वीज हवी झाली. हरित क्रांतीत गावोगाव कूपनलिका आल्या आणि प्रत्येकीवर मोटर बसली. १९७० च्या दशकात पंजाबात विजेची टंचाई पडली आणि नांगलची वीजकपात होऊ लागली. अमोनियाचा कारखाना काही ला कूरच्या टाकीसारखा वाऱ्याबरोबर चालू-बंद करता येत नाही. त्यातलं तापमान आणि दाब टिकवावे लागतात, वीज तुटली की सगळं गाडं अडतं. अखेर नांगलचा विस्तार केला तो इंधन तेलावर. खतही शेतकऱ्याचं आणि पंपही शेतकऱ्याचा, आणि दोघं एकाच तारेवरून भांडत होते, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या सरांच्या ट्यूबकडे येऊ.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय मोहिमेला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे उद्दिष्ट. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही आपलं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. ५० लाख टनांना किलोमागे ५० युनिटप्रमाणे २५० अब्ज युनिट वीज लागेल. २०२३-२४ मध्ये देशात जेवढी वीज तयार झाली, तिचा हा साधारण सातवा हिस्सा. मोहिमेतही त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट नवी सौर आणि पवन क्षमता गृहीत धरली आहे. तेव्हा देशाच्या पातळीवर वीज ‘उरलेली’ नसून नव्याने उभारायची आहे. तरी ती उभारली जाईल असं मानू. गावच्या तारेवर काय होईल?

११ केव्हीचा एक फीडर घ्या. टोकाशी पाडे, वाटेत पंप, लांबी २० किलोमीटर. सातपुड्यात ही काही फार लांबी नव्हे. तारेचा रोध किलोमीटरला ०.५५ ओहम धरू. एका तारेचा एकूण रोध ११ ओहम. या फीडरच्या टोकाला १ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर लावला, जो तासाला २० किलो हायड्रोजन देईल. आजच्या मानाने हे लहानसं यंत्र आहे. तो सुमारे ५२ अँपिअर प्रवाह ओढेल. ५२ गुणिले ११, म्हणजे तारेत ५७० व्होल्ट पडले. त्रिकला पद्धतीत प्रत्येक तारेचा दाब ६,३५० व्होल्ट असतो, त्यातले ९ टक्के गेले. डीपीतून घरी येताना २३० चे २१० च्या खाली होतात, आणि हे एकट्या कारखान्यामुळे. पंप आणि घरं यांची घट त्यावर वेगळी. शिवाय तारा तापवण्यात ९० किलोवॉट वाया. दाब उतरला की पंपाची मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. शेतकऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. इलेक्ट्रोलायझरला एकदिश प्रवाह लागतो, तो करणारी यंत्रं विजेच्या लाटेचा आकारही थोडा बिघडवतात. त्यासाठी गाळण्या बसवाव्या लागतात.

म्हणजे ट्यूब विझणार? थांबा. तोच इलेक्ट्रोलायझर २० किलोमीटरवर न लावता थेट सबस्टेशनच्या आवारात लावला, तर फीडरच्या तारेतून त्याचा प्रवाह जातच नाही. मोठा असेल तर त्याला १३२ किंवा २२० केव्हीवरून वेगळी वाहिनी देतात. मग ११ केव्हीला त्याची गंधवार्ताही नसते.

आणि टोकाला लावण्यातही एक चांगली बाजू निघू शकते. २०१७ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी म्हणून सबस्टेशनच्या आसपास काही मेगावॉटचे सौर प्रकल्प उभारायचे, अशी ती कल्पना. आता ऑक्टोबरमधली दुपार डोळ्यांसमोर आणा. ऊन कडक आहे, पण नुकताच पाऊस होऊन गेल्यामुळे पंप बंद आहेत. सौर विजेला गिऱ्हाईक नाही. ती उलटी वर चढते आणि तारेतला दाब जितका मघाशी उतरला होता तितका वाढू शकतो. अशा वेळी तिथल्या तिथे वीज खाणारं यंत्र असलं तर दाब जागेवर राहतो. आजचे चांगले इलेक्ट्रोलायझर काही सेकंदांत भार कमी-जास्त करू शकतात. हीच ला कूरची युक्ती, फक्त वाऱ्याऐवजी ऊन.

मग घोडं कुठे अडतं? पैशांत. अशी फावली दुपार वर्षात काही शे तासच मिळणार. इलेक्ट्रोलायझर महाग असतो. ज्याने तो विकत घेतला तो ८,७६० तासांच्या वर्षात यंत्र बहुतेक काळ थंड ठेवायला राजी होत नाही. त्याला ते रात्रंदिवस चालवायचं असतं, आणि त्याच्या पुढे अमोनियाचा कारखाना असेल तर चालवावंच लागतं. म्हणजे आस्कोव्ह म्हणून सुरुवात करायची आणि नांगल होऊन बसायचं. यावर तोड म्हणून फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय धोरणात वीज ३० दिवसांपर्यंत ‘बँकेत’ ठेवण्याची मुभा दिली आहे. दुपारची सौर वीज जाळ्यात टाका, रात्री परत घ्या. पण जाळं म्हणजे काही टाकी नाही, त्यात वीज साठत नाही. रात्री परत मिळते ती वीज त्या क्षणी कुठल्या तरी जनित्राने तयार केलेली असते, आणि आपल्याकडे रात्री ती बहुतांशी कोळशाची असते. देशातल्या सरासरी विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ५० युनिटला ३५ किलो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन केला तर किलोमागे ९-१० किलो निघतो. कागदावर हरित असलेला वायू हवेत किती काळा पडू शकतो ते यावरून कळेल. माझ्या मते बँकेची मुदत ३० दिवसांवरून तासांवर आणली पाहिजे. उद्योगाला ते पटणार नाही, हेही मला माहीत आहे.

नंदुरबारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. सरदार सरोवराखाली या जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं येतात. १९७९ च्या निवाड्यानुसार तिथल्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. ती वीज ४०० केव्हीच्या तारांनी धुळ्याकडे जाते. मुलं विचारतात, “तार आमच्या डोक्यावरून जाते, मग आम्हाला का नाही?” त्यांना सांगावं लागतं की ४०० केव्हीवरून एका पाड्याला वीज उतरवायची तर लागणारं उपकेंद्र सबंध तालुक्याच्या विजेपेक्षा महाग पडेल. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. ते देताना बरं मात्र वाटत नाही.

याच अक्राणी तालुक्यात बिलगावने जानेवारी २००३ मध्ये स्वतःचं वीजजाळं उभारलं होतं. उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॉटचं केंद्र, गावकऱ्यांच्या श्रमदानातून आणि केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने. २००६ च्या पुरात ते बुडालं. अशा छोट्या केंद्रांत रात्री दिवे मालवल्यावर जनित्र वेग घेऊ नये म्हणून उरलेली वीज बहुधा पाण्यात बुडवलेल्या तापकाला देतात. १५ किलोवॉटपैकी ३ किलोवॉट रात्री सहा तास उरले तर १८ युनिट होतात. त्याचा हायड्रोजन केला असता तर किलोचा तिसरा हिस्सा मिळाला असता. जाळला तर साधारण किलोभर स्वयंपाकाच्या गॅसइतकी उष्णता. दिवे, गिरणी, शाळा हे सगळं आधी भागवून मागे उरलेलं.

सरांना मी पत्राने हे सगळं कळवलं. सोबत एक काम सुचवलं, तुमच्याही शाळेला जमण्याजोगं. साधा मल्टिमीटर घ्या (खटक्याजवळचं मोजमाप शिक्षकांनीच करायचं, मुलांनी वहीत लिहायचं) आणि महिनाभर सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात वाजता शाळेतला दाब मांडून ठेवा. शेजारी लिहा: पंप चालू की बंद, ऊन की ढग. सरांच्या मुलांनी पाठवलेला पहिल्या आठवड्याचा तक्ता माझ्यासमोर आहे. संध्याकाळी सातच्या रकान्यात १८८, १९१, १८५ असे आकडे आहेत. मंगळवारची जागा कोरी आहे आणि तिथे एका मुलीने बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘लाइट नव्हती’.